नऊशेपैकी शून्य

"सदर कर्मचाऱ्याकडे संबंधित कालावधीची कोणतीही नोंद आढळून आली नाही."

चौकशी अहवालातलं हे वाक्य खरं आहे. मी ते स्वतः तपासलं आहे. सकाळी अकरा चाळीस ते दुपारी दोन दहा म्हणजे अडीच तास. दर दहा सेकंदांना एक नोंद, म्हणजे नऊशे नोंदी व्हायला हव्या होत्या. झाल्या शून्य. या एका वाक्यावर कापगत्यांचं कंत्राट संपलं. कंत्राटाचं त्यांना फार वाटलं असं मला दिसलं नाही. पण त्या दिवशी त्यांच्या गावातली एक्केचाळीस घरं टोकनावाचून राहिली, आणि गावाने असं धरलं की आपल्याच माणसाने आपली पाळी बुडवली. ते मात्र त्यांना लागलं. ते कधी भरून आलं नाही.

त्यांच्याविषयी लिहायचं कोणी सांगितलेलं नाही. पण आमच्या कार्यालयात त्यांचं नाव निघालं की अजूनही तेच वाक्य निघतं, आणि वाक्य खरं असल्यामुळे कोणी पुढे काही विचारत नाही. म्हणून लिहितो.

आमची संस्था जिल्ह्यात चौदा धान खरेदी केंद्रं चालवते. शेतकऱ्याने धान कोणत्या दिवशी आणायचं हे टोकन ठरवतं. टोकन नाही तर काट्यावर पोतं चढत नाही. केंद्रावरचा माणूस नाव आणि सातबाऱ्याची माहिती संगणकात भरतो, ती गोंदियाला मुख्य कार्यालयातल्या मोठ्या संगणकाकडे येते आणि तिथून टोकन परत जातं. हा मोठा संगणक, ज्याला सगळे सर्व्हर म्हणतात, जिन्याखालच्या खोलीत होता. त्याच्यापुढे कापगते बसायचे. मी वरच्या मजल्यावर आकडेवारी पाहतो: कोणत्या केंद्रावर किती नोंदी, किती क्विंटल, किती बाकी. दोघेही कंत्राटी. दर मार्चला सही नव्याने व्हायची.

कापगते अर्जुनी मोरगावच्या आतल्या बाजूच्या एका गावचे. आठवडाभर फुलचूरला खोली करून राहायचे, शनिवारी गाडीने गावी. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या अलीकडे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. आवाज हळू. त्यांची एक विचित्र सवय होती. ते बोलत असताना दुसऱ्या कोणी तोंड उघडलं की ते थांबायचे, आणि त्या माणसाचं बोलून झालं तरी आपलं वाक्य पुन्हा उचलायचे नाहीत. त्यामुळे त्यांची निम्मी वाक्यं अर्धीच राहिली. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस विसराळू आहे. नंतर कळलं, त्यांना सगळं आठवत असतं. फक्त गेलेली पाळी ते मागत नसत.

चहालाही तसंच. आमचा शिपाई ओमप्रकाश मूळचा छत्तीसगडकडचा, बोलायचा हिंदीत. किटली घेऊन खाली गेला की कापगते म्हणायचे, "पहिले वर देऊन ये." वर देऊन येईपर्यंत किटली रिकामी. ओमप्रकाश दारातून ओरडायचा, "उन्नीस साहब, आपके हिस्से का कप बचा है, चाय नहीं बची!"

"कप धुऊन ठेव मंग," कापगते म्हणायचे.

उन्नीस हे नाव त्यांना कसं पडलं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी त्या कार्यालयात लागल्यावर महिनाभरात एकदा त्यांच्या खोलीत गेलो. काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. प्रत्येक ओळीत एक नाव आणि एक आकडा. मी विचारलं, "हे काय?"

"रांग आहे जी."

"कसली?"

"कामाईची. या मशिनीत आत्ता दीडशे-पावणेदोनशे कामं उभी आहेत. मशिनीले हात चारच. तं कोणाले पहिले घ्याचं, कोणाले मंग, हे या आकड्यानं ठरते. उणे वीसपासून एकोणीसपर्यंत. आकडा जेवढा कमी, तेवढं काम पुढं."

"म्हणजे चाळीस पायऱ्या."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमी पहिले माणूस आहात ज्यानं शून्य मोजला," ते म्हणाले. आमची ओळख झाली ती अशी.

त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दर दहा सेकंदांनी तो रांगेकडे एक नजर टाकायचा: कोणतं काम उभं आहे, त्याचा आकडा काय, ते चालू आहे की थांबलेलं. आणि तेवढं एका फाइलीत लिहून ठेवायचा. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. सर्व्हर स्वतः फक्त चुका लिहून ठेवतो. एखादं काम बिघडलं, तुटलं, बंद पडलं तर त्याची नोंद होते. पण एखादं काम नुसतं ताटकळत उभं राहिलं तर ती चूक नसते, म्हणून त्याची नोंद कुठेच नसते. कापगत्यांना ते बरोबर वाटत नव्हतं. "जो उभा राह्यला त्याचंही कोणीतरी लिहून ठेवलं पाह्यजे," म्हणायचे.

मी विचारलं, दहा सेकंदांनीच का? सतत का नाही पाहत?

"भात शिजला का हे पाह्यले तुमी गंजातला सगळा भात उपसता काय? चार शितं दाबून पाह्यता. सतत पाह्यत राह्यलो तं पाह्यण्यातच मशीन थकते."

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आठ तास. तासाला तीनशे साठ, दिवसाला दोन हजार आठशे ऐंशी नोंदी. संध्याकाळी ते जिन्यात उभं राहून मला आकडा सांगायचे. आकडा नेहमी उभ्यानेच सांगायचे. "आज दोन हजार आठशे ऐंशीपैकी दोन हजार आठशे एकाहत्तर."

"नऊ कुठे गेल्या?"

"पाळी नाई आली."

म्हणजे असं की त्यांच्या त्या प्रोग्रॅमलाही रांगेत उभं राहावं लागे, आणि त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांत शेवटचा आकडा दिला होता. एकोणीस. रांगेत सगळ्यांच्या मागे. म्हणून ओमप्रकाशचे उन्नीस साहब.

ते साधुसंत नव्हते, हेही लिहायला हवं. त्रासदायक होते. बँकेत कोणी रांग मोडली की हे मागून हळू आवाजात तीन-तीनदा सांगत राहायचे, आणि भांडण पेटलं की गप्प. भांडण दुसऱ्यांनी निस्तरायचं. आमचे व्यवस्थापक बिसेन साहेब एकदा तणतणत जिन्याखाली आले होते.

"कापगते, माझा रिपोर्ट काऊन अटकून राहिला?"

"अटकला नाई साहेब. उभा आहे."

"उभा आहे तर पुढे घ्या ना."

"घेतो. तसं दोन ओळी लिहून द्या."

"आता माझ्या रिपोर्टासाठी मी तुमच्याकडे अर्ज करू?"

"अर्ज नाई साहेब, तो कागद मी फाइलीले लावतो. आकडा मी बदलला का कोणं बदलाले लावला, हे दिसलं पाह्यजे."

साहेबांनी लिहून दिलं नाही. रिपोर्ट त्याच्या पाळीने निघाला, वीस मिनिटांनी. साहेब ते विसरले नाहीत.

मलाही त्यांनी सोडलं नाही. आमगावकडे माझा साळा आहे. त्याच्या घरी लग्न होतं, धान लवकर काट्यावर जावं म्हणून बायकोने माझ्यामागे लकडा लावला होता. मी कापगत्यांना म्हटलं, "एकच नाव आहे. थोडं पुढे सरकवता येईल का?"

"सरकवतो. मागे कोणाले ढकलू, त्याचं नाव सांगा. त्याले मी फोन करून सांगतो."

मी नाव कुठून सांगणार? महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. लग्न झालं, धानही वेळेत विकलं गेलं. पण माझ्या मनात ते राहिलं, हे मी नाकारत नाही.

एकदा डबा खाताना मी त्यांना त्या एकोणीसबद्दल सरळच विचारलं. डब्यात भात आणि लाखोळीची डाळ होती. बाकी सगळे जेवून उठल्यावरच ते जेवायचे, त्या दिवशी मला उशीर झाला होता म्हणून आम्ही सोबत होतो.

त्यांनी सांगितलं ते असं. ते कोहळी समाजाचे. गावचा तलाव त्यांच्याच लोकांनी कधीकाळी बांधलेला. तलावाखालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाळीपाळीने पाणी मिळतं. पाणी सोडण्याचं काम त्यांच्या घरात, वडिलांपर्यंत चालत आलं होतं. आणि त्याला एक नियम होता: जो पाणी सोडेल त्याच्या बांधीत पाणी सर्वांच्या शेवटी.

"एक साल पाणी कमी पडलं. आमच्या बांधीच्या तीन बांध्या अलीकडे तलाव संपला. आमचं धान उभं वाळलं. बाप रोज जाऊन पाह्ये, पण हात नाई लावला. म्हणे, पाणी सोडणाऱ्याची बांधी पहिले हिरवी दिसली का गावाची झोप उडते."

"त्या वर्षी खाल्लं काय?"

"इकत घेतलं," ते म्हणाले. एवढं अभिमानाने मी त्यांना दुसरं काही सांगताना ऐकलं नाही.

मी हिशेबी माणूस. मला त्यात एक खोट दिसली आणि मी ती बोललो. "तुमचे वडील बांधावर उभे राहून पाहू शकत होते, पाणी कुठे अडलंय ते. तुमच्या प्रोग्रॅमला पाळी आल्याशिवाय दिसतच नाही. गर्दी झाली की सगळ्यांत आधी आंधळा होतो तो. ज्या नऊ नोंदी चुकल्या, त्याच तर पाहायच्या होत्या."

त्यांनी डाळ भातात कालवली. मग म्हणाले, "मोजणारा पुढं जाऊन उभा राह्यला का तोच गर्दी होते जी."

हेही खोटं नव्हतं. मी वाद सोडून दिला. एक गोष्ट तेव्हाच ठरवून टाकायला हवी होती: मोजायचं असेल तर थोडं पुढे उभं राहावंच लागतं, आणि ते लिहून ठेवलं की झालं. पण त्यांच्या घराण्यात पुढे उभं राहणं ही चोरी होती. आणि मला आणखी एकदा त्यांच्याकडून उत्तर ऐकायचं नव्हतं.

त्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात भिंतभर टीव्ही बसवला. त्यावर जिल्ह्याचा नकाशा, चौदा केंद्रांचे चौदा ठिपके, आणि ठिपक्याशेजारी आकडा, दर तीन सेकंदांनी ताजा होणारा. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना आधी हा नकाशा दाखवायचा. एकदा पाहुण्यांसमोर तो अटकला. संस्थेचे अध्यक्ष हसले, पण पाहुणे गेल्यावर नागपूरच्या ज्या इंजिनिअरने तो बनवला होता त्याला फोन गेला. त्यानंतर नकाशा कधी अटकला नाही. का अटकला नाही, हे कोणी विचारलं नाही. चाललेल्या गोष्टीची चौकशी करायची आमच्याकडे पद्धत नाही.

कापगत्यांच्या संध्याकाळच्या आकड्यात मात्र अधूनमधून मोठे खाडे पडू लागले. कधी चाळीस, कधी एकशे दहा. "काय माहीत कोण उभं राह्यते मधात," म्हणायचे. "मी पोहोचतो तवा सगळे आपल्या जाग्यावर असतात."

मग तो दिवस आला. अर्जुनीकडच्या एका केंद्राचा टोकन देण्याचा शेवटचा दिवस. त्या केंद्रावर त्यांचं गाव. आणि त्याच दिवशी सभागृहात पाहुणे. कापगत्यांना वर बोलावून घेतलं, माइक आणि टीव्ही सांभाळायला. फोन बंद ठेवा म्हणून सांगितलं. मी आकडे घेऊन मागच्या खुर्चीवर होतो, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे: ते भिंतीला लागून हातात रिमोट धरून अडीच तास उभे होते, आणि पडद्यावर चौदा ठिपके तीन-तीन सेकंदांनी हिरवे लुकलुकत होते. आकडे मात्र तेच होते. नकाशा वेळेवर ताजा होत होता, पण दाखवायला त्याच्याकडे नवीन काही नव्हतं, कारण खाली टोकनं जवळजवळ निघतच नव्हती. पाहुण्यांपैकी एकाने विचारलंही, "हे आकडे बदलत नाहीत?" अध्यक्ष म्हणाले, "जेवणाची वेळ आहे." सगळे हसले.

अडीच तासांत त्या केंद्रावर दोन टोकनं निघाली. केंद्रावरच्या माणसाने कापगत्यांना सतरा वेळा फोन केला होता. दोन दहाला ते खाली आले, मी मागोमाग गेलो. मशीन तेव्हा सुरळीत होती. पण केंद्रावरची नेटची लाइन अडीचनंतर गेली ती संध्याकाळी आली, आणि सहाला मुदत संपली. दोनशे सत्त्याऐंशी लोक राहिले. कापगत्यांनी आपली फाइल उघडली. अकरा एकोणचाळीस पन्नास, आणि त्याच्या पुढची ओळ थेट दोन दहा.

"नऊशे," मी म्हणालो.

"नऊशेपैकी शून्य," ते म्हणाले आणि उभे राहिले.

मुदत वाढेल असं सगळे म्हणत होते. वाढली नाही. चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. उघड्यावरचं धान भिजलं, काळं पडलं.

राहिलेल्या लोकांची यादी करायला साहेबांनी आम्हा दोघांना पाठवलं. त्यांच्या गावात शाळेच्या ओट्यावर लोक जमले. मी वही उघडून बसलो. कापगते बाजूला. मग त्यांची मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, काठी टेकत पुढे आली.

"हिरामण, तू तेथं कायले बसला होतास मंग?"

"मोठीमाय, त्या दिवशी मले वर..."

"वरच चढलास तू," मागून कोणीतरी म्हणालं. कापगते थांबले.

"तुया बाप कोरडा राह्यला, पर कोणाची पाळी नाई खाल्ली," मोठीमाय म्हणाली. "तू एसीत बसून एक्केचाळीस घरं खाल्ली. तुले काई लाज?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. बोला, आता बोला. पण त्यांची पाळी गेली होती. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि एकेक नाव विचारत स्वतः लिहायला सुरुवात केली. लोक नाव सांगायचे, पण त्यांच्याकडे न पाहता, माझ्याकडे पाहून. एक्केचाळिसावं नाव त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. तो ओट्याच्या खाली उभा होता, वर आला नाही. त्याचं नाव त्यांनी न विचारताच लिहिलं.

चौकशीच्या आठवडाभर आधी नागपूरचा इंजिनिअर आला होता. टपरीवर चहा पिताना मी त्याला सहज म्हटलं, तुमचा नकाशा बरा चालतो. तो खूश झाला. "वो मेहमान आते हैं ना, तब मैं उधर से ही उसको रियल टाइम में डाल देता हूँ. सबके ऊपर. मीटिंग खतम, तो वापस नॉर्मल." मी विचारलं, उणे वीस? तो म्हणाला, "अरे नहीं, उसके भी ऊपर. वो लाइन ही अलग है. वो चलेगा तो बाकी सबको बस टपका-टपका मिलेगा."

चाळीस पायऱ्यांच्या वर आणखी एक जिना होता. कापगत्यांना तो दिसला नाही, कारण नकाशा तिथे चढला की यांचा एकोणीस नंबर पूर्ण झोपायचा, आणि नकाशा उतरला की जागा व्हायचा. जे टपकलं ते टोकनांना मिळालं, यांना काहीच नाही. ते सर्वांत मागे उभे होते म्हणूनच त्यांना ते कधी दिसणार नव्हतं.

पण खाडा हीदेखील नोंदच असते, आणि हे मला कळत होतं. चौकशीच्या आदल्या दिवशी मी कुडव्याला घरी बसून त्यांच्या फाइलीतले सगळे मोठे खाडे काढले आणि सभागृहाच्या पाहुण्यांच्या रजिस्टरमधल्या तारखा त्यांच्यापुढे मांडल्या. खाडे अकरा. त्यातले नऊ पाहुण्यांच्या दिवशी, मीटिंगच्याच वेळेत. एका कागदावर दोन रकाने केले, खाली एक ओळ लिहिली, 'अकरापैकी नऊ', आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

सकाळी जिन्यात बिसेन साहेब भेटले. "विचारतील तेवढंच बोला. मार्च आला आहे," एवढंच म्हणाले. धमकी म्हणावी असा आवाज नव्हता. माझी मुलगी बारावीला होती. हे कारण म्हणून लिहीत नाही, होतं म्हणून लिहितो.

समितीत तिघे जण. कापगत्यांना विचारलं, "त्या वेळेची नोंद आहे का?"

"नोंद नाई साहेब, पण ते जे मधात रिकामं राह्यलं ते..."

"तो पंखा जरा कमी करा," मधले सदस्य ओमप्रकाशला म्हणाले.

पंखा कमी झाला. कापगते गप्प. सदस्यांनी थोडी वाट पाहिली, मग खाली पाहून काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही आकडेवारी पाहता. या वेळेची नोंद आहे की नाही?"

"नाही."

"आणखी काही सांगायचं आहे?"

"नाही."

दोनदा नाही म्हणालो. त्यातलं पहिलं खरं होतं.

माझी मार्चची सही झाली.

दीड वर्षाने कामासाठी अर्जुनी मोरगावला गेलो होतो. बसस्थानकावर ते बाकावर बसलेले दिसले. मीच जवळ गेलो. ब्रह्मपुरीला एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून देतात म्हणाले. तिथेच राहतात. मी विचारलं, गावी जाता की नाही?

"गेलो होतो. मोठीमायची तेरवी होती."

"मग?"

"परत आलो. जेवलो नाई."

मी पाकिटातून तो कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता. का दिला, मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली, जशी ते फाइल वाचायचे तशी. दोन्ही रकाने खालपर्यंत. मग माझ्या शर्टाचा पेन मागितला.

"एक राह्यला तुमचा. दिवाळीनंतरचा मंगळवार. एकशे साठचा खाडा होता. त्या दिवशी पाहुणे नोहोते, लाइट गेली होती." त्यांनी ती ओळ लिहिली आणि खालचा अकरा खोडून बारा केला. "बारापैकी नऊ."

"हो," मी म्हणालो.

"हे कधी काढलं?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. कागदाची जुन्याच घड्यांवर घडी घातली, पेन त्यात अडकवून दोन्ही मला परत दिलं. ब्रह्मपुरीची गाडी लागत होती. ते उठले, पिशवी उचलली आणि माझ्याकडे न पाहता गाडीकडे गेले. खिडकीजवळ बसले. गाडी निघेपर्यंत मी तिथेच उभा होतो. त्यांनी काच सरकवून घेतली.

बारापैकी नऊ. तेवढ्यानेही पुरलं असतं.